बत्तीस स्लाइड आणि एक हार

अकरावी तालीम झाली तेव्हा वैजयंतीला स्वतःचाच आवाज नकोसा झाला होता. विषय ज्वारीवरची खोडमाशी, वेळ दहा मिनिटं. परीक्षकांना पटलं तर तीन वर्षांची शिष्यवृत्ती, नाहीतर संशोधन इथंच संपलं.

“स्लाइड किती?” तिचे मार्गदर्शक गुफरान सर यांनी विचारलं.

“बत्तीस.”

“अगं, लोक दमतील! प्रस्तावना झाली की जरा थांब. पाणी पी. मग निष्कर्ष सांग.”

सल्ला चांगलाच होता. पण तिचे वडील कुंडलिकबुवा करकंबचे कीर्तनकार. लेक बोलणार म्हणताच ते आपले नेहमीचे चौदा श्रोते टेम्पोत घालून शहरातल्या सात रस्ता चौकाजवळच्या सभागृहात हजर झाले. मंडळी पुढच्या खुर्च्यांवर मांडी घालून बसली. कीर्तनात मुरलेली माणसं ती; बोलणाऱ्याला एकटं पडू देत नाहीत.

पाचव्या मिनिटाला प्रस्तावना संपली. वैजयंती थांबली, तिनं पाण्याचा ग्लास उचलला.

कीर्तनाचा पहिला भाग, पूर्वरंग, संपवून बुवा थांबले की त्यांना हार घालायचा, सगळ्यांना बुक्का लावायचा आणि मगच उत्तररंग, ही त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. मंडळींतल्या मुक्ताबाई हार घेऊन उठल्याच.

“मुक्ताकाकू, बसा की! हे कीर्तन नाही.”

“ठावं हाय गं. पर बिनहाराचं फुडं सांगतंय व्हय कुनी?”

हार पडला. शंकरप्पा बुक्क्याची डबी घेऊन रांगेनं निघाले. एकालाही वगळायचं नाही, तो श्रोत्याचा अपमान. परीक्षकांच्या टेबलाशी दाक्षायणी मॅडम सकाळपासून सोळा भाषणं ऐकून बसल्या होत्या. त्यांनी वर न बघताच कपाळ पुढं केलं.

“बाबा, माझी वेळ चाललीय!”

“घाई नको बाळा. माणसं कुठं पळून चाललीत?” बुवा प्रेमानं म्हणाले.

नऊ मिनिटं झाल्याची घंटा वाजली. घंटा ऐकताच चौदाही जण आरतीला उभे राहिले. उरलेल्या स्लाइड त्यांच्या टोप्यांआड गेल्या.

वैजयंती इतकी थकली होती की तिला रडूही येईना. तिनं माइक बाजूला सारला.

“काकू, ज्या ज्वारीच्या पानाला खालून बारीक लव असते ना, तिथं माशीला अंडी घालणं जड जातं. तसे तीन वाण मला सापडलेत. त्यात पोंगे, म्हणजे मधले कोवळे कोंब, मरायचं प्रमाण निम्म्यावर आलंय. झालं, एवढंच.”

“आन् ह्ये आदी का न्हाय सांगितलंस? लई चित्रं दावत बसलीस ती!”

दुसरी घंटा वाजली.

संध्याकाळी गुफरान सर पत्र घेऊन आले. शिष्यवृत्ती मिळाली होती. वैजयंती पायरीवरच बसली.

“सुटले, सर. आता तीन वर्षं फक्त प्रयोगशाळा. तोंड उघडायचं नाही.”

“खालची अट वाच.”

‘शेतकऱ्यांना समजेल असं बोलणाऱ्या या एकमेव उमेदवार,’ दाक्षायणी मॅडमनी लिहिलं होतं. ‘सबब यांनी दरमहा चार गावांत व्याख्यान द्यावे.’

वैजयंतीनं मनातल्या मनात हिशेब केला. एकशे चव्वेचाळीस.

“पहिलं कुठं?” तिनं क्षीण आवाजात विचारलं.

“अक्कलकोटकडं. मॅडम म्हणाल्या, थोडं कानडीतही तयार ठेव.”