टॅबलेटला मांडी कळावी म्हणून

जवळ कोण आहे हे ओळखण्याची शक्ती माणसात जन्मतः असते. ती फारशी वापरली गेली नाही, म्हणून यंत्रात बसवावी लागली. टॅबलेटमध्ये तिला जवळिकीचा सेन्सर म्हणतात. एक सेन्सर मांडी ओळखतो, एक तळहात, एक चेहरा. चेहरा फार जवळ आला की टॅबलेट आपला उजेड कमी करतो. (मी चौतीस वर्षं शिक्षक होतो. चेहरा जवळ आला की मी आवाज वाढवत असे.)

हिंदी मुलखातल्या आमच्या शहरात, विजय नगरच्या आमच्या रविवारच्या मराठी वर्गाला असे नऊ टॅबलेट भेट मिळाले. मुलं आठ. त्यांना मराठी समजतं, उत्तर ती हिंदीत देतात. वर्ग मी घेतो. महिन्याअखेर हजेरी पाचाच्या खाली गेली तर वर्गाची खोली भजनवाल्यांना देऊ, असं खोली ज्यांची त्या इथल्या मराठी मंडळाने मला प्रेमाने कळवलं होतं. म्हणून प्रतीकने टॅबलेटमध्ये वाचनाची पुस्तकं घातली आणि हजेरीचीही सोय केली. प्रतीक इथल्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करतो. मांडी आणि चेहरा दोन्ही जवळ असले की मूल हजर. नोंद थेट मंडळाकडे.

अडचण एवढीच होती की टॅबलेट तीन कंपन्यांचे. एकीने सेन्सरना नुसते आकडे दिलेले, दुसरीने 'खालचा डावा' वगैरे, तिसरीने काहीच नाही. त्यातली मांडी कुठली, हे प्रोग्रॅमला कळेना.

"काका, तीन नावं ठरवून द्या, बस," प्रतीक म्हणाला. "सगळ्यांत तीच टाकतो. पाच मिनिटांचं काम आहे."

पाच मिनिटांचं काम नीट करायला वेळ लागतो, हे मी मुलांना जन्मभर शिकवलं. मी समिती नेमली. अध्यक्ष मी, सचिव प्रतीक, आणि तज्ज्ञ म्हणून चिंतामणराव, जे शहराच्या दुसऱ्या टोकाला, रांझीच्या फॅक्टरीच्या तपासणी विभागातून निवृत्त झाले. तिघांनाही सवड रविवारीच, त्यामुळे सभा वर्गाच्या वेळी, वर्गाच्या खोलीत भरू लागली. मुलांना व्हरांड्यात खेळायला सांगितलं. (शिक्षणातलं खेळाचं महत्त्व मी नेहमीच मानत आलो आहे.)

पहिल्या सभेत मांडी घेतली.

"कोणाची मांडी, मास्तर?" चिंतामणरावांनी विचारलं. "लेकराची की मोठ्याची? आलथी-पालथीवाली की खुर्चीवरची?"

"अहो, सेन्सरला एवढंच कळतं की काहीतरी जवळ आहे," प्रतीक म्हणाला. "कोण आहे ते नाही कळत."

ही सूचना विषयाला सोडून असल्याने इतिवृत्तात घेतली नाही.

दुसऱ्या सभेत जवळ म्हणजे किती, यावर चर्चा झाली. चिंतामणरावांच्या मते विजय नगरहून रांझी जवळ, कारण ते रोज सायकलने जात. प्रतीकच्या मते लांब, कारण तो कधी गेला नाही. ठराव : जवळ म्हणजे चार सेंटिमीटर. रांझी त्यात बसत नाही.

तिसऱ्या रविवारी तिनाची चौदा नावं झाली होती. कादंबरी नावाची तिसरीतली मुलगी पुस्तक घेऊन दारात उभी राहिली.

"आजोबा, आज भी क्लास नहीं है? मैंने पूरा पेज तैयार किया है."

"बेटा, तुमच्यासाठीच तर करून राहिलो हे सगळं. पुढच्या रविवारी नक्की वाच."

"अच्छा," ती म्हणाली. व्हरांड्यात तेव्हा चारच मुलं होती. मी ते पाहिलं. पण चेहऱ्याचा मुद्दा अर्धवट राहिला होता.

चौथ्या रविवारी चौदांची पुन्हा तीनच नावं उरली, प्रतीकने ती टाकली, आणि चिंतामणराव गोहलपुरातल्या छापखान्यातून पक्की, पाण्याने न निघणारी लेबलं छापून घेऊन आले.

"आमच्याकडे लेबल नुसतं कागदावर नसायचं, मास्तर. ज्या पुर्ज्याचं, त्याच पुर्ज्यावर."

पट्टी लावून त्यांनी सत्तावीसच्या सत्तावीस लेबलं बरोबर सेन्सरवर चिकटवली. एक मिलिमीटर इकडेतिकडे नाही. त्या क्षणापासून नऊही टॅबलेटना मांडी, तळहात आणि चेहरा अखंड जवळ असल्याचं जाणवू लागलं.

महिन्याअखेरचा अहवाल आला : पटावर मुलं आठ, हजर नऊ. मंडळाने असा वर्ग पाहिला नव्हता. खोली आम्हाला कायमची मिळाली, आणि मला शाल.

त्यानंतरच्या रविवारी व्हरांडा रिकामा होता. फक्त कादंबरी आली. मी अहवाल वाचत होतो. तिने एका टॅबलेटवरची लेबलं नखाने सोलली.

"इसकी तो आँखें ही बंद कर दी थीं, आजोबा."

पडद्यावर अक्षरं उमटली : 'जवळ कोणी नाही.' मी घाईने लेबलं परत लावली.

मग ती माझ्या खुर्चीला टेकून उभी राहिली, चार सेंटिमीटरच्या आत. म्हणाली, "आजोबा, मी पान वाचू का?"

"हं," मी म्हणालो, आणि अहवालाचं पान उलटलं. तिचं ते पहिलं संपूर्ण मराठी वाक्य होतं, हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा ती गेली होती. नऊ टॅबलेटनी त्या दिवशीही पूर्ण हजेरी कळवली.

आता तुम्ही हे वाचत इथवर आलात. हातात किंवा मांडीवर काहीतरी आहे, चेहरा समोर आहे. म्हणजे तुमची हजेरी लागली. मघाशी तुमच्या खुर्चीला टेकून कोणी काही विचारत होतं का, आणि तुम्ही 'हं' म्हणालात का, एवढं फक्त सेन्सरला विचारू नका.