फट क्रमांक सोळा

माणसाच्या तोंडात बत्तीस दात असतात, हे शाळेत शिकवतात. त्या बत्तीस दातांच्या मध्ये तीस फटी असतात, हे मात्र कोणी शिकवत नाही. (पंधरा वर, पंधरा खाली. मोजून पाहावे.) दातांचे कौतुक सगळ्यांना, दात घासतात, दाखवतात, प्रसंगी विचकतातही. फटींना कोणी वाली नाही. जेवणातले जे काही मागे उरते ते फटीतच उरते, तरीही फटींसाठी आजवर साधी एक समिती नेमली गेली नव्हती. ही उणीव आमच्या नकाशा विभागाने भरून काढली, हे नमूद करताना त्या समितीचा सचिव या नात्याने माझा ऊर भरून येतो.

निमित्त झाले मास्तरांचे. मास्तर आमचे मुख्य आरेखक. एकतीस वर्षे नकाशे काढताहेत आणि विभागातल्या प्रत्येकाला पेन धरायला त्यांनीच शिकवले, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणतात. या माणसाला व्यसन एकच. रोज चार वाजता खारे शेंगदाणे, मूठभर, एकेक करून, डाव्या बाजूने. उजवीकडच्या वरच्या दाढा केव्हाच गेलेल्या, त्यामुळे चावण्याचा सगळा कारभार डावीकडे. आणि नेमकी डावीकडची खालची शेवटची दाढ हलायला लागली.

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तोंडात आरसा घालून पाहिले आणि म्हणाल्या, "काका, वाचेल ही. पण हिच्या आणि शेजारच्या दाढेच्या मधली फट रोज साफ व्हायला हवी. नेहमीचा ब्रश तिथे पोचत नाही. दोरा घ्या, बारीक ब्रश घ्या, काहीही घ्या, पण वापरा. दीड महिन्याने या. तेव्हाही अशीच हलत असेल तर काढावी लागेल."

"आणि शेंगदाणे?" मास्तरांनी घाबरत विचारले.

"दाढ राहिली तर शेंगदाणे राहतील."

एवढ्यावर प्रकरण मिटायचे. पण मास्तरांनी अर्ध्या दिवसाच्या रजेच्या अर्जाला डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी जोडली आणि ती साहेबांच्या टेबलावर गेली. चिठ्ठीत लिहिले होते: 'डावी खालची शेवटची दाढ. मधली फट रोज साफ करणे. साधन काहीही.' साहेबांची नजर शेवटच्या शब्दावर थांबली. कार्यालयीन भाषेत 'काहीही' नावाची वस्तू नसते. तिला नमुना नाही, माप नाही, रंग नाही. उद्या मास्तरांनी खरोखरच काहीही घातले तर जबाबदार कोण? त्याच दिवशी दुपारी 'दंतांतर स्वच्छता साधन निवड समिती' अस्तित्वात आली. फटीचे मालक म्हणून मास्तर तिचे पदसिद्ध सदस्य झाले.

समितीने प्रथम सद्यःस्थितीचा आढावा घेतला. विभागातील बावीस कर्मचाऱ्यांपैकी टाचणीने दात कोरणारे नऊ निघाले, आगकाडीच्या साध्या टोकाने कोरणारे चार, लाल टोकाने एक (त्यांना समज देण्यात आली), कर्कटकाच्या टोकाने तीन, खास या कामासाठी राखलेल्या करंगळीच्या नखाने दोन, आणि नुसती जीभ लावत बसून नंतर विसरून जाणारे दोन. भिंतीवरचे नकाशे वर्षभर का निसटून पडतात आणि टाचण्या जातात कुठे, या जुन्या प्रश्नाचाही येथे आपोआप उलगडा झाला. बाविसावे गृहस्थ म्हणजे आमचे आवक-जावक कारकून. त्यांना एकही दात नाही. कवळी आहे, आणि ती ते नळाखाली धरून धुतात. या विषयात त्यांचा काडीचाही स्वार्थ नसल्यामुळे त्यांना एकमताने अध्यक्ष करण्यात आले.

त्यानंतर नमुने मागवून चाचण्या घेतल्या. त्यांचे निष्कर्ष असे.

दोरा: मेण लावलेला व न लावलेला. दोन्ही हातांच्या मधल्या बोटांना गुंडाळून दातांत घालायचा. फट साफ होते, बोटे निळी पडतात. एका सदस्याचे दोन्ही हात तोंडात असताना साहेबांनी हाक मारली. त्याने दिलेले उत्तर कोणालाच कळले नाही आणि त्यामुळे त्याचे काम दुसऱ्याकडे गेले. (तेव्हापासून विभागात दोऱ्याला मागणी आहे.)

धनुष्य: प्लास्टिकच्या छोट्या धनुष्यावर ताणलेला तोच दोरा. हातात धरल्यावर माणसाला उगाचच शूर वाटते.

बारीक ब्रश: बाटली धुण्याच्या ब्रशचे पिल्लू म्हणा ना. आठ रंग, आठ जाड्या. फटीत नीट बसला पाहिजे, पण कोंबता कामा नये.

पाण्याचा फवारा: हे यंत्र आहे. तोंड मिटायच्या आत सुरू केल्यास समोरचा माणूस भिजतो. आमच्या चाचणीत समोर माणूस नव्हता, एक तयार नकाशा होता. त्या नकाशात आता एक तळे आहे. तळ्याला नाव देण्याचे काम चालू आहे.

सांगोपांग विचार करून समितीने बारीक ब्रश निवडला. आता आठांपैकी कोणती जाडी, एवढाच प्रश्न राहिला. डॉक्टरीणबाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, "अहो, काकांना पाठवा ना इकडे. एका मिनिटात लावून बघते कुठला बसतो ते." आम्ही आभार मानून फोन ठेवला. मोजणीसाठी एका नकाशा विभागाने बाहेर जायचे म्हणजे हसे करून घेण्यासारखे होते.

मास्तरांच्या तोंडाची मोजणी तीन दिवस चालली. धाकटी आरेखिका, मास्तरांच्या हाताखाली तयार झालेली सगळ्यात पक्की मुलगी, भिंग घेऊन त्यांच्यासमोर स्टुलावर बसली. मास्तर आ वासून खुर्चीत. बोलता येत नव्हते तरी तिची रेघ जरा हलली की हाताने खुणावून दुरुस्त करायला लावत. नकाशा दहापट मोठा निघाला. हिरड्यांचे चढउतार तपकिरी रेषांनी, भरलेले दात तिरप्या रेघांनी, गेलेल्या दाढांच्या जागी 'पडीक' असा शेरा. उत्तर दिशा नाकाकडे. सगळ्या फटींना कागदाच्या डावीकडून क्रमांक: वर एक ते पंधरा, खाली सोळा ते तीस. पूर्ण झाल्यावर मास्तरांनी तो उजेडाशी धरून पाहिला आणि त्यांचे डोळे भरून आले.

"अशी रेघ मलासुद्धा नसती गं जमली," ते म्हणाले. आरेखिकाही रडली. मीही थोडा रडलो. अध्यक्षांनी कवळी काढून पुसली.

डॉक्टरीणबाईंच्या चिठ्ठीत 'डावी खालची शेवटची' असे होते. नकाशात डावीकडची खालची शेवटची फट म्हणजे क्रमांक सोळा. ती मोजली, पिवळा ब्रश ठरला. नकाशाची एक प्रत मास्तरांच्या घरी बेसिनजवळ लावली, फट क्रमांक सोळा लाल शाईने गोल करून. सोबत रोज खूण करायचा तक्ता. एव्हाना पंचेचाळीसपैकी एकोणीस दिवस उलटले होते, पण निर्णय पक्का झाला होता.

दुसऱ्याच दिवशी सकाळी काकूंनी, म्हणजे मास्तरांच्या सौभाग्यवतींनी, हे पाहिले. (हा प्रसंग मास्तरांनी स्वतः मला सांगितला.)

"अहो, हलते ती इकडची ना? मग भलत्याच बाजूला काय कोरत बसलाय?"

"नकाशात सोळा नंबर इकडेच आहे."

"नकाशाची दाढ हलतेय का तुमची?"

मास्तरांनी ब्रश थांबवून नकाशाकडे पाहिले. त्यांनाही आतून वाटत होते की काहीतरी चुकतेय. पण वाटणे हा पुरावा नव्हे. 'नकाशा आणि जमीन जुळली नाही तर जमीन पुन्हा तपासा', हे वाक्य त्यांनीच आम्हा सगळ्यांना शिकवले होते. धाकट्या आरेखिकेच्या टेबलावर ते फ्रेम करून ठेवलेले आहे. ते म्हणाले, "अगं, पोरीने जीव ओतून काढलाय तो. चुकणार नाही ती." आणि पिवळा ब्रश पुन्हा सोळा नंबरात घातला. काकू कपाळावर हात मारून चहा टाकायला गेल्या.

मास्तरांनी एक दिवस चुकवला नाही. सव्वीस दिवस, सव्वीस खुणा. असे शिस्तीचे काम मी उभ्या नोकरीत पाहिलेले नाही.

पंचेचाळिसाव्या दिवशी आम्ही सगळी समिती सोबत गेलो. डॉक्टरीणबाईंनी आरसा घातला आणि त्यांचा चेहरा खुलला. "वा काका! ही उजवीकडची फट काय सुंदर ठेवलीत! इतकी स्वच्छ मी माझ्या पेशंटात बघितलेली नाही." आमच्या अध्यक्षांनी मान डोलावली. मग बाईंनी आरसा डावीकडे नेला आणि बोटाने दाढ हलवून पाहिली. ती तशीच हलत होती.

आम्ही नकाशा पुढे केला. त्यांनी तो पाहिला, मास्तरांकडे पाहिले, पुन्हा नकाशाकडे पाहिले. "हा समोर बसून काढलाय ना?" त्यांनी हळूच विचारले. "समोरच्याची डावी बाजू आपल्या उजवीकडे येते, काका. तुमची फट तीस नंबरची. तुम्ही महिनाभर सोळा नंबर घासत होतात."

आरेखिकेने तोंडावर हात दाबला. मास्तरांनी नकाशा हातात घेतला, बोटाने सोळापासून तीसपर्यंत सावकाश गेले, आणि तिच्याकडे वळून म्हणाले, "रेघा मात्र बरोबर आहेत हं."

दाढ काढली. चार दिवसांनी मास्तर कामावर आले. चार वाजता त्यांनी सवयीने पुडी सोडली, शेंगदाण्यांकडे पाहिले आणि पुडी तशीच आरेखिकेच्या टेबलावर ठेवली. मला फार वाईट वाटले. (हे इतिवृत्तात नाही.) तेवढ्यात आमचे अध्यक्ष उठले, पुडी उचलली, शेंगदाणे कोऱ्या कागदात गुंडाळले आणि साहेबांचा काचेचा पेपरवेट घेऊन दणादण कुटायला लागले. भुगा चमच्यासकट मास्तरांपुढे ठेवून म्हणाले, "चौदा वर्षांचा अनुभव आहे. खा. असेही बरे लागतात." मास्तरांनी एक चमचा खाल्ला. मग दुसरा. आता रोज चार वाजता विभागात दणदण ऐकू येते आणि सगळे काम थांबवून हसतात.

समितीचा अहवाल सादर झाला आहे. त्यात नकाशा अचूक असल्याचे, ब्रश योग्य असल्याचे आणि तोंड उलट बाजूने बसवलेले असल्याचे नमूद केले आहे. फट क्रमांक तीस आता अस्तित्वात नसल्यामुळे मास्तरांनी सदस्यत्वाचा राजीनामा दिला असून समितीत एक जागा रिकामी झाली आहे.

ती कोणाला द्यावी याचा आम्ही विचार केला, आणि आपले नाव पुढे आले. होय, वाचक महाशय, आपलेच. गेली दहा मिनिटे आपली जीभ एका ठराविक फटीशी चाळा करते आहे. आपल्यालाही कोणीतरी सांगितले होते की काहीही घ्या, पण वापरा. आपण घेतलेही, ते आरशामागच्या कप्प्यात आहे, पाकीट न फोडलेले. आणि आज ते फोडायचे सोडून आपण फटींवरची एक अख्खी कथा शेवटपर्यंत वाचलीत. इतकी पात्रता आमच्या विद्यमान सदस्यांपैकी एकातही नाही. सोमवारी अकरा वाजता रुजू व्हावे. टाचणी स्वतःची आणावी.