प्रियाराधन आणि टॉवेल-टोपी

‘प्रियाराधन’ हा शब्द आमच्या येरमाळ्याच्या शाळेत माझ्याइतका कुणालाच कळत नव्हता, हे मी छातीठोकपणे सांगतो! मराठी शिकवतो मी, गंमत न्हाय!

"अमरसिंह सर, म्हणजे लाइन मारणंच की!" आमचे क्लार्क बंडप्पा म्हणाले.

"छे! लाइन रिकामटेकडे मारतात. यात आराधना आहे. देवी पावायची तर आधी पुजाऱ्याला धरावं!"

देवी म्हणजे गणिताच्या शिवांजली मॅडम. पुजारी म्हणजे त्यांचे वडील, बलभीमअण्णा. मॅडमवर माझा लई जीव. पण त्यांच्यासमोर तोंडातून शब्द फुटत नव्हता. मग धरलं अण्णांना! त्यांच्या सोयाबीनवर फवारणी केली. त्यांचे पाहुणे आणायला येडशी स्टेशन गाठलं. त्यांची म्हैससुद्धा मला बघून रेकायला लागली!

शेवटी विषय काढला. आता आपल्याकडं स्वतःचं लग्न स्वतः कुणी बोलतं का? रीतीनं म्हणालो, "अण्णा, मॅडमसाठी एक मुलगा आहे नजरेत. नोकरदार, निर्व्यसनी. माझ्या अगदी जवळचा."

अण्णा गालात हसले. "वळखला म्या! रविवारी घरी या."

रविवारी कडक इस्त्रीचा शर्ट घालून, पेढे घेऊन गेलो. बघतो तर बैठकीत ईट गावचा माझा मावसभाऊ रणधीर! बँकेत आहे तो, अण्णांचं पीककर्ज त्यानंच करून दिलेलं. शेजारी मावशी!

"या सर!" अण्णा गरजले. "तुमी मधी हाय म्हणल्यावर आमी चौकशीबी केली न्हाय!"

मी पेढ्यांचा पुडा पाठीमागं धरला. तेवढ्यात मावशी म्हणाली, "अमर, तू रोज बघतूस. पोरगी कशी हाय रं?"

वाईट सांगावं तर जीभ झडेल! "लाखात एक," म्हणालो. झालं! सुपारी फुटली!

चहा देताना शिवांजली मॅडम हळूच म्हणाल्या, "सर, मला वाटायचं तुम्ही माझ्यासाठीच येता. लई वाट बघितली. रणधीरनी आल्या आल्या विचारलं, ‘मी पसंत आहे का?’ तुम्ही एकदा तरी विचारायचं होतं!"

मी हातातला कप खाली ठेवला. काही बोलणार, तोच अण्णांनी माझ्या डोक्यावर टोपी ठेवली, खांद्यावर टॉवेल टाकला. मध्यस्थाचा मान!

सोमवारी बंडप्पांनी विचारलं, "सर, त्या शब्दाचा नेमका अर्थ काय म्हणला होता?"

"शब्दकोशात बघा," म्हणालो आणि तोंड पुसलं. टॉवेल मात्र चांगला निघाला.