गोंचिगची मागणी

गोंचिगच्या मुलाने घरात सरळ सांगून टाकलं होतं, की सोलोंगोशी लग्न झालं तर तो घोडे राखील, नाहीतर दक्षिणेला खाणीवर ट्रक चालवायला जाईल. मुलाचं नाव तुमेन, आणि तो एकुलता एक. गोंचिगचे घोडे त्या खोऱ्यात नावाजलेले होते, पण त्याचे गुडघे आता खोगिरावर चढायला तयार नव्हते. पोरगा गेला की कळपही गेला, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. तेव्हा मुलीच्या घरी जाऊन रीतसर मागणी घालायची असं ठरलं.

मागणी घालायला बोलणारा माणूस लागतो. तो शोधायची गरज नव्हती, कारण आजूबाजूच्या निम्म्या सोयरिकी गोंचिगनेच जुळवल्या होत्या. त्याचं एकच तत्त्व होतं. सरळ काही विचारायचं नाही. आधी हवा, मग गवत, मग जनावरं, मग पुन्हा हवा, आणि मुद्दा असा आणायचा की समोरच्याला वाटावं, तो आपणच काढला. तोवर ताकास तूर लागू द्यायची नाही. "दारात उभं राहून हे घर कोणाचं म्हणून विचारणारा व्याही अर्धी बाजी तिथेच हरतो," असं तो चारचौघांत सांगायचा, आणि चारचौघं मान डोलवायची.

जीप मेव्हण्याची होती. मेव्हणा दाश्का अगदी उलट स्वभावाचा. तो मोजकं बोलायचा आणि तेही बहुतेक इंजिनाशी. निघताना तुमेनने खुणा सांगितल्या: लाल टेकडी, पायथ्याला विहीर, विहिरीपलीकडे दोन गेर म्हणजे नमद्याचे गोल तंबू, दार निळं, कुत्रा पांढरा. मुलीच्या बापाचं नाव ज्याम्बा. त्याला या घरातल्या कोणीच पाहिलेलं नव्हतं. पोरांची ओळख तालुक्याच्या शाळेत झालेली.

पहिला मुक्काम वाटेतल्या एका घोडेवाल्याकडे पडला. तिथे चहा पिता पिता गोंचिगने मागणीच्या भाषणाची रंगीत तालीम करून घेतली. ते ऐकून घरच्या बाईने डोळे पुसले, त्यामुळे गोंचिगची छाती दोन बोटं वर आली. दाश्का तालमीत घोरत होता. दुसऱ्या दिवशी गवत विरळ होत गेलं, मग खुरटी झुडपं आली, मग नुसती खडी. घोडे दिसायचे थांबले आणि उंट दिसू लागले. दुपार कलताना लाल टेकडी आली. पायथ्याला विहीर होती. विहिरीपलीकडे दोन गेर होती.

"दाजी, दार नारिंगी आहे," दाश्का म्हणाला.

"रंग दिला असेल. पाहुणे येणार म्हटल्यावर लोक रंग देतात."

"कुत्रा काळा आहे."

"पांढरा मेला असेल. कुत्री काय जन्मभर पुरतात?"

"इकडे यंदा पाऊस नाही झालेला. माणसं हलली असतील. एकदा विचारून घ्या ना."

"मुलीचं लग्न ठरायचंय आणि ते बिऱ्हाड हलवतील?" गोंचिगने अंगातल्या लांब देलचा कमरपट्टा आवळला. "तू गाडीकडे बघ. बोलायचं काम माझं."

मग त्याने मोठ्याने "कुत्रा धरा हो!" अशी हाक दिली. एक बाई धावत बाहेर आली, काळ्या कुत्र्याच्या मानगुटीवर बसली आणि हसून आत चला म्हणाली. उंबऱ्याला पाय न लावता गोंचिग आत शिरला.

आत घरधनी बसला होता, गोल चेहऱ्याचा, पन्नाशी उलटलेला. दाराजवळ आणखी एक माणूस बसला होता, काटकुळा, विटलेल्या देलमधला, मांडीवर दोराचं वेटोळं घेऊन. गोंचिगने घरधन्याबरोबर तपकिरीच्या बाटल्यांची अदलाबदल अगदी सावकाश, नाकाशी धरून, डोळे मिटून केली. काटकुळ्या माणसाच्या बाटलीला मात्र त्याने नुसतं नाक दाखवलं.

"उत्तरेकडून आलात ना?" त्या माणसाने विचारलं. "वाटेत एक तांबूस उंटीण दिसली का? डावा कान फाटलेला आहे. बिऱ्हाड हलवलं की ही बया जुन्या जागी पळते."

"आम्ही घोडेवाले," गोंचिग म्हणाला. "उंटाच्या कानाकडे आमचं लक्ष जात नाही."

काटकुळा माणूस बरं म्हणाला आणि दोर नीट गुंडाळू लागला.

खारा चहा आला, उंटिणीचं आंबवलेलं दूध आलं. हवेवर बोलणं झालं, गवतावर झालं, पुन्हा हवेवर झालं. चहा देणारी मुलगी चांगली धिप्पाड होती. दोन हंडे एका हातात घेऊन ती आत-बाहेर करत होती. तुमेनने नाजूक म्हणून सांगितलं होतं, पण प्रेमात पडलेल्या माणसाचं काय खरं धरायचं, असं गोंचिगने मनात म्हटलं. घरधनी मोठा अगत्यशील निघाला. आलेत कशाला म्हणून त्याने अवाक्षर काढलं नाही, उलट बाहेर जाऊन मेंढा कापला. होणारे व्याही बघून गोंचिगचं काळीज सुपाएवढं झालं.

जेवणं झाल्यावर तो सावरून बसला आणि दोन्ही हातांवर मानाचं निळं रेशमी उपरणं, खादग, उलगडून त्याने सुरुवात केली.

"आमच्या गेरची उजवी बाजू रिकामी आहे. चुलीला जाळ आहे, पण जाळ राखणारं माणूस नाही. सकाळी दूध निघतं, पण त्याची पहिली पळी आकाशाला शिंपडणारा तरुण हात नाही…"

बाईच्या हातातली पळी खाली पडली. घरधनी आधी गोंधळला, मग त्याने मुलीकडे पाहिलं, मग गोंचिगकडे, आणि त्याचे डोळे भरून आले. गोंचिगला तेवढंच हवं होतं. तो असा बोलला, असा बोलला, की गाडीखालून काळे हात घेऊन आलेला दाश्कासुद्धा दारातच थांबला. तुमेनला त्याने असा रंगवला की बापाला स्वतःलाच मुलगा ओळखू येईना. शेवटी तो म्हणाला, "अशा घरची ही मुलगी माझ्या मुलाच्या मनात भरली आहे."

"पोरासाठी आणखी कुठे विचारलंय का?" दाराजवळून काटकुळ्या माणसाने शांतपणे विचारलं.

गोंचिगला मध्ये तोंड घालणारी माणसं आवडत नसत. "कुठेच नाही! दुसऱ्या मुलीचं नावही त्याच्या कानांवर पडू दिलेलं नाही. हेच दार आणि हीच मुलगी!"

"असं होय," काटकुळा माणूस म्हणाला.

घरधन्याने दोन्ही हातांनी खादग घेतला. "तीन वर्षांत आमच्या दारात कोणी फिरकलं नाही हो," तो नाक ओढत म्हणाला. "आणि तुम्ही इतक्या लांबून, आमची हांदा मागायला…"

गोंचिगने मान डोलावली आणि डोलावता डोलावता ती अर्ध्यावर थांबली.

"हांदा म्हणजे घरातलं नाव असेल," तो चाचरत म्हणाला.

"घरातलं तेच, बाहेरचं तेच. एकच मुलगी, एकच नाव."

दाश्काने दाजींकडे पाहिलं. दाजींनी चुलीकडे पाहिलं. खादग गेला होता, मेंढा पोटात होता, बाई मुलीच्या लग्नासाठी ठेवलेलं रेशीम ट्रंकेतून काढत होती, आणि ज्या माणसाने उभ्या आयुष्यात सरळ प्रश्न विचारला नव्हता, त्याला आता सरळ उत्तर द्यायचं होतं. ते काही त्याला जमलं नाही. तो हवेबद्दल बोलला आणि झोपून गेला. झोपला कसला, कूस बदलत पडला. या भल्या माणसांचा आनंद पाहून त्याला स्वतःची लाज वाटत होती, आणि तुमेनचा खाणीवरचा ट्रक डोळ्यांपुढून हलत नव्हता.

सकाळी चहाच्या वेळी तोंड उघडायचं असं त्याने ठरवलं. उघडलंही. पण त्याच्या आधी हांदाने हंडा खाली आपटला.

"मी जाणार नाही."

"अगं पोरी!" बाप हादरला.

"यांच्याकडे उंट आहेत का? नाहीत. काल म्हणाले ना, उंटाच्या कानाकडे लक्ष जात नाही. मी घोड्यांमध्ये जाऊन काय करू? आणि एवढं सगळं बोलले, पण पोराला सर्दी होते का, तो घोरतो का, काही कळलं का? मला नको."

बापाने खूप समजावलं, आईने दटावलं, पण हांदा हंडे उचलून विहिरीवर निघून गेली. घरधनी अर्धमेला झाला. त्याने खादगाची नीट घडी केली, कपाळाला लावली आणि गोंचिगच्या हातात ठेवली. "माफ करा. पोर हट्टी आहे. तुमचा एवढ्या लांबचा हेलपाटा फुकट गेला."

गोंचिगचा जीव भांड्यात पडला. न बोलताच सुटका! पण त्या गोल चेहऱ्यावरचं दुःख पाहिल्यावर त्याला काही ते पचेना. खादग हातात तसाच धरून तो घसा खाकरून म्हणाला, "तुम्ही कसली माफी मागता? मीच चुकलो. मी दुसऱ्या घरी निघालो होतो आणि तुमच्या घरात शिरलो. विचारायची लाज वाटली. तुमचा मेंढा खाल्ला, तुमच्या पोरीला मागणी घातली. मला ज्याम्बाच्या घरी जायचं होतं. ज्याम्बाचं गेर कुठे आहे?"

घरधन्याने थक्क होऊन दाराजवळच्या, रात्री इथेच राहिलेल्या पाहुण्याकडे हनुवटी वळवली.

"मीच ज्याम्बा," काटकुळा माणूस म्हणाला. "ही आमची जुनी जागा. आम्ही गेल्या महिन्यात हललो."

दाश्काने आरूलचा, म्हणजे वाळवलेल्या दह्याचा, खडा तोंडात टाकून कडकन फोडला.

"मग रात्री बोलला का नाहीत?" गोंचिगने कसंबसं विचारलं.

"पाहुणा बोलत असताना मध्ये बोलू नये. एकदा बोललो, तर तुम्ही डोळे वटारलेत." ज्याम्बा दोर खांद्यावर टाकत उठला. "पोरासाठी आणखी कुठे विचारलं नाही म्हणालात, ते मात्र खरंच. माझ्याकडे अजून विचारलेलंच नाही."

गोंचिग त्याच्यामागे बाहेर धावला. गुडघे दुखत होते, तरी धावला.

"थांबा हो! भाषण जाऊ द्या. पोरगा जेवत नाही. तुमच्या पोरीचं नाव निघालं की हसतो, नाही निघालं की भांडतो. ती नाही आली तर तो खाणीवर जाणार. मग आम्ही दोन म्हातारी त्या घोड्यांचं काय करणार? मला भीती वाटते. खरं म्हणजे एवढंच सांगायला आलो होतो."

ज्याम्बाने खांद्यावरचा दोर सारखा केला. "आमचीही जेवत नाही," तो म्हणाला. "चला. पण एक लक्षात ठेवा. आपण आधी भेटलोच नाही. पाहुणे आधी दुसऱ्या दारात खादग देऊन आले हे माझ्या बायकोला कळलं, तर मुलगी विसरा."

घरधन्याचा निरोप घेऊन तिघे जीपने निघाले. त्याने रात्रीचं उरलेलं मटणही आग्रहाने बांधून दिलं, आणि ते घेताना गोंचिगला मान वर करवेना. ज्याम्बा पुढे बसला. घोडेवाला गोंचिग मागच्या खिडकीतून वाटभर प्रत्येक उंटाचा डावा कान बघत होता. उंटीण शेवटी त्यालाच दिसली, एका कोरड्या ओढ्यात, आणि तिला बांधून हळूहळू मागे चालवत नेण्यात दुपार गेली.

नव्या जागी दार निळं होतं आणि कुत्रा पांढरा. हवा झाली, गवत झालं. सोलोंगो चहा देताना इतकी लाजली की अर्धा चहा ताटलीत पडला. गोंचिग आता शहाणपण शिकला होता. त्याने खादग उलगडला आणि सरळ म्हणाला, "माझ्या मुलासाठी तुमची मुलगी मागायला आलोय."

ज्याम्बाची बायको यांजमा वाट पाहत बसली. मग तिने नवऱ्याकडे पाहिलं.

"झालं? एवढंच?" ती म्हणाली. "माझ्या बहिणीच्या वेळी माणसं दुपारपासून दिवेलागणीपर्यंत बोलत होती. पोर इतक्या लांब द्यायची आणि हे दोन शब्दांत मागणार? बोलायला येत नसेल तर बोलणारा माणूस तरी आणायचा."

गोंचिगचे कान लाल झाले. मग गोंचिगने मांडी ठीक केली, डोळे मिटले आणि म्हणाला, "आमच्या गेरची…"

पुढचं काही केल्या आठवेना. रात्रीच्या धसक्याने सगळं धुऊन गेलं होतं.

"उजवी बाजू," ज्याम्बा चहाच्या वाटीत पुटपुटला.

"उजवी बाजू रिकामी आहे! चुलीला जाळ आहे, पण…"

"जाळ राखणारं…"

"तुम्हाला कसं हो माहीत?" यांजमा नवऱ्याकडे वळली.

"अंदाज," ज्याम्बा म्हणाला. "रिकाम्या घरात आणखी काय नसणार?"

तिला ते पटलं. गोंचिगची गाडी रुळावर आली, आणि दूध शिंपडणाऱ्या हातापर्यंत पोहोचेतो यांजमा पदर नसल्यामुळे बाहीने डोळे पुसत होती. तिने दोन्ही हातांनी खादग घेतला, कपाळाला लावला, आणि विचारलं, "इतकं सुंदर बोलणं. हे तुम्ही मुद्दाम आमच्या सोलोंगोसाठीच जुळवलंत ना?"

गोंचिगने तोंड उघडलं. आजपासून खरं बोलायचं असं त्याने सकाळीच ठरवलं होतं.

"नाहीतर काय!" ज्याम्बा घाईघाईने म्हणाला. "व्याह्यांनी हे दुसरीकडे कुठे बोलल्याचं मी तरी ऐकलं नाही."

दाश्का गाडी बघून येतो म्हणून बाहेर गेला, आणि बराच वेळ आत आला नाही.