सात टेकड्यांची कळ

एका जंगलात, बाळांनो, गोजराबाई नावाची साळिंदरीण राहत होती. कुठल्या जंगलात ते विचारू नका. नाव घेतलं की तिथली मंडळी अंगावर धावून येतात, आणि आता या वयात माझ्याच्याने पळवत नाही.

गोजराबाईला दोन पिल्लं. नवऱ्याला गेल्या वर्षी बिबट्याने नेलं. बीळ होतं उतारावर आणि पोट होतं समोरच्या डोंगरातल्या कंदांवर. रोज जायचं, पुढच्या पायांनी जमीन उकरायची, मिळेल ते पिल्लांपुढे आणून टाकायचं. एवढाच प्रपंच.

एके दिवशी ती बिळाच्या तोंडाशी बसली होती. शेजारी रस्त्याचं काम चाललं होतं. जंगलाला रस्ता कशाला हवा, असं तुम्ही विचाराल. तिथे कुणी विचारलं नाही, म्हणून तर काम चाललं होतं. कामावरचे मुकादम दादासाहेब हत्ती सोंडेत ओंडका धरून मागे मागे येत होते. मागे कोण आहे हे बघायची मोठ्यांना सवय नसते. त्यांचा पाय पडला तो थेट गोजराबाईच्या पुढच्या उजव्या पायावर.

कडकन आवाज झाला. गोजराबाईच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण तोंडातून हूं नाही की चूं नाही. साळिंदरांच्या घराण्यात ओरडायची पद्धतच नाही. "लागलं तर फुलायचं, ओरडायचं नाही," असं तिच्या आईने तिला शिकवलं होतं. तशी ती फुलली. अंगावरचे सगळे काटे उभे राहिले आणि त्यातला एक दादासाहेबांच्या तळपायात घुसला.

दादासाहेब असे काही ओरडले की झाडावरची घरटी खाली आली. ओंडका तिथेच टाकून ते लंगडत निघून गेले. आपण कुणावर पाय दिला, हे त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

गोजराबाईचा पाय मोडला तो मोडलाच. उकरणं बंद झालं. पिल्लं भुकेने एकमेकांच्या अंगावर रेलून पडू लागली. अशा वेळी दाराशी आले बगळेवकील. अपघात झाला की वकील आधी येतो आणि वैद्य मागून येतो, हे जंगलातही तसंच आहे.

बगळेवकील एका पायावर उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, एका पायाचं दुःख मला विचारा."

"मला अजून तीन आहेत," गोजराबाई म्हणाली. "पण उकरायचा होता तोच गेला. वकीलसाहेब, मला ओढ्याकाठची जागा मिळेल का हो? तिथली माती मऊ आहे. डाव्या पायाने कसंबसं उकरीन. नाहीतर ही पोरं काही जगत नाहीत."

"मिळेल की. शारीरिक वेदना आणि मनस्ताप, या सदरात बसवू. फक्त कायदा नीट समजून घ्या."

कायदा असा होता. वेदना दिसत नाही. ती तोलता येत नाही. म्हणून वाडवडिलांनी ती किंकाळीवर मोजायचं ठरवलं. जंगलाभोवती नऊ टेकड्या होत्या आणि प्रत्येक टेकडीवर एक सरकारी टिटवी बसवलेली होती. किंकाळी जितक्या टेकड्यांवर ऐकू गेली, तितकी वेदना. एक टेकडी झाली तर "काळजी घ्या" असं सांगत. दोन झाल्या तर झाडपाला देत. तीन झाल्या तर ओढ्याकाठची जागा. त्याच्या वर मागाल ते. हसू नका, तुमच्याकडे तरी दुसरा कुठला तराजू आहे?

"पण मला ओरडता येत नाही," गोजराबाई म्हणाली.

"मग शिका," बगळेवकील म्हणाले.

आठ दिवस त्यांनी तिला शिकवलं. पोटातून आवाज काढा म्हणाले, निघाला नाही. गेलेल्या नवऱ्याला आठवा म्हणाले. तिने आठवलं. पण तो निम्मे कंद वाटेतच खाऊन यायचा, तेच आधी आठवलं आणि तिला रडण्याऐवजी रागच आला.

सुनावणीचा दिवस उजाडला. न्यायाधीश होते आप्पासाहेब अस्वल. नाकावर मध, समोर टिटव्यांची वही.

थोरल्या टिटवीने वही वाचली. "घटनेच्या दिवशी, घटनेच्या जागेवरून एक किंकाळी. सात टेकड्या."

आप्पासाहेब पुढे सरसावले. "सात? माझ्या उभ्या कारकिर्दीत अशी वेदना झाली नाही. कुणाची ही?"

"आमचं काम मोजायचं, साहेब. कुणाचं तोंड बघायचं नाही."

"माझ्या अशिलाची," बगळेवकील लगेच म्हणाले.

किंकाळी कुणाची ते गोजराबाईला पक्कं ठाऊक होतं. जन्मात ती कधी खोटं बोलली नव्हती. तिने मागे पाहिलं. धाकटं पिल्लू थोरल्याच्या पाठीवरचा काटा कंद समजून चघळत होतं. तिने मान खाली घातली.

"हो, माझीच," ती म्हणाली. तिला स्वतःची लाज वाटली.

"मग थोडा नमुना दाखवा," आप्पासाहेब म्हणाले.

गोजराबाईने तोंड उघडलं, डोळे मिटले, सगळं बळ एकवटलं. अंगावरचे काटे तेवढे खळखळले. सगळ्यात जवळच्या टेकडीवरून निरोप आला, "इकडे काही नाही. सुरू केलं की कळवा."

दादासाहेब हत्ती आरोपी म्हणून कोपऱ्यात उभे होते. त्यांनी हळूच पाय वर केला. तळव्यात काटा तसाच होता.

"काढला नाही मी," ते म्हणाले. "पुरावा आहे म्हणून ठेवला. नुसतं आठवलं तरी..."

आणि त्यांना आठवलं. सातही टेकड्यांवरच्या टिटव्या धावत आल्या. त्यातली एक वाटेत घेरी येऊन पडली, तिला उचलून आणावं लागलं.

आप्पासाहेबांनी निकाल सांगितला. "कायदा आंधळा असला तरी बहिरा नाही. दादासाहेबांची वेदना सात टेकड्या. बाईंची शून्य. काटा बाईंचा. तेव्हा भरपाई बाईंनी द्यायची. दादासाहेब, काय हवं?"

"विश्रांतीला जागा हवी. हिचं बीळ आणि तो उतार."

"बिळात मावाल का?"

"ते माझं मी बघीन."

"मंजूर," आप्पासाहेब म्हणाले.

"आणि माझा पाय?" गोजराबाईने विचारलं.

आप्पासाहेबांनी पाय नीट न्याहाळला. "मोडलाय, हे मला दिसतंय बाई. पण दुखतोय, असं कागदावर कुठेच नाही."

तेव्हा गोजराबाई ओरडली. पायासाठी नाही ओरडली ती. पाय मोडला त्या दिवसापासून जे जे गिळलं होतं, ते सगळं एकदम वर आलं. आईची शिकवण आठवली नाही, की बगळ्याचीही नाही. नवव्या टेकडीवरच्या टिटवीला आजवर कधी कामच पडलं नव्हतं, तीसुद्धा धापा टाकत हजर झाली.

आप्पासाहेबांनी डोळे पुसले. "वेदना म्हणतात ती ही. लिहून घ्या. नऊ टेकड्या."

"मग भरपाई," बगळेवकील म्हणाले.

"अवश्य. इजा कशाने झाली?"

"आपल्या निकालाने, साहेब."

आप्पासाहेबांनी नाकावरचा मध चाटला. "मग नाही देता येणार. भरपाई अपघाताची असते. हा अपघात नाही, हा न्याय आहे."

गोजराबाई पिल्लांना घेऊन नवव्या टेकडीपलीकडे गेली. तिथली माती दगडासारखी. डाव्या पायाने दिवसभर उकरावं तेव्हा कुठे एक कंद निघायचा. थोरलं पिल्लूही आता उकरायला लागलं होतं.

महिन्याभराने एक टिटवी समन्स घेऊन आली. दादासाहेबांनी बिळात पाय घालून पाहिला होता. तो मुरगळला. आता बीळ खणलं कुणी, म्हणून दावा गोजराबाईवर होता.

"किती टेकड्या?" गोजराबाईने उकरता उकरता विचारलं.

"पाच."

"सातावरून पाचावर आले," गोजराबाई म्हणाली. "बरं वाटतंय म्हणायचं त्यांना."

तात्पर्य : मोठ्यांच्या पायाखाली येताना, बाळांनो, आपले काटे घरी ठेवून यावेत. त्यांना लागतात.