कौन्सिल यजमान झालं त्याची गोष्ट

शशीबुवा विनाआधार एक तास पन्नास मिनिटं उभे राहू शकतात, सबब त्यांच्या इंग्लंडातल्या केअर होमचा खर्च कौन्सिल, म्हणजे तिथली नगरपालिका, उचलणार नाही, असं पत्र आलं आणि सुनेत्रानं कपाळाला हात लावला. चूक तिचीच होती. कौन्सिलच्या मिसेस प्लमर बाबांना तपासायला येणार म्हटल्यावर हिनं काय करावं? पाहुणी येतेय म्हणून केअर होमच्या हॉलमध्ये चक्क बाबांचं कीर्तन ठेवलं. लेकीला वाटलं, बाईंनी बाबांना चांगल्या रूपात बघावं. बाईंनी बघितलं आणि लिहून नेलं.

आता नारदाच्या गादीवरचे बुवा वेगळे आणि खाली उतरलेले वेगळे. गादीवर अख्खं आख्यान तोंडपाठ. खाली उतरले की आपण जेवलो का, हे दुसऱ्याला विचारायचे. जानेवारीच्या थंडीत दोनदा नुसत्या धोतरावर बसस्टॉपवर सापडले होते, सोलापूरची एसटी अजून कशी आली नाही म्हणत. सुनेत्राची हॉस्पिटलात बारा-बारा तासांची ड्युटी. तिनं अपील केलं. ते फेटाळलं, तर सोमवारी बुवांची खोली रिकामी करायची होती.

अपिलाच्या सकाळी तिनं बजावलं, "बाबा, आज काही झालं तरी उठायचं नाही."

"मी कशाला उठतोय? गुडघे कुणाचे दुखतायत?"

आणि बसलेही शहाण्यासारखे. पण पॅनलचे अध्यक्ष मिस्टर हॉलोवे पडले सज्जन. त्यांनी हात जोडून, स्वतःबद्दल दोन शब्द सांगावेत, अशी विनंती केली. सुनेत्रानं नाइलाजानं ती मराठीत सांगितली. हात जोडून बोलावल्यावर कीर्तनकार बसून कसा राहील? बुवा उठले, उपरणं कमरेला बांधलं आणि नमन सुरू केलं.

कीर्तनातून मध्येच उठायचं नसतं, हे बुवांनी नुसत्या हातानं दाखवलं आणि दाराशी गेलेल्या मिसेस प्लमर परत येऊन बसल्या. कौन्सिलचे वकील दर पाच मिनिटांनी घड्याळ बघून 'अजून उभे' असं लिहीत होते. उत्तररंगात त्यांचं लिहिणं थांबलं, कारण बुवांनी चहाच्या दोन बशा त्यांच्या हाती दिल्या होत्या आणि झांजेचा ठेका चुकवून चालणार नव्हतं. सुनेत्रा रडकुंडीला आली. केस हातची गेली होती, आणि मेलं कीर्तन मात्र फार रंगलं होतं.

आरती झाली. बुवा खुर्चीत टेकले आणि अध्यक्षांना म्हणाले, "यजमान, सेवा गोड झाली ना? मग आज आमचं पान कुठं आणि अंथरूण कुठं?"

"बाबा, चला आता," सुनेत्रा म्हणाली.

बुवांनी तिच्याकडे कौतुकानं पाहिलं. "पोर गुणी आहे हो. मघापासून मला सांभाळतेय. कुणाची ही?"

सुनेत्रानं सगळं इंग्रजीत सांगितलं, हेसुद्धा. ज्यानं बोलावलं त्यानं कीर्तनकाराच्या जेवणाची, मुक्कामाची सोय करायची, ही रीतही सांगितली.

मिस्टर हॉलोवेंनी चष्मा काढून पुसला. "बोलावलं तर मीच," ते हळूच म्हणाले.

असा कायदा नाही, हे सांगायला वकील घाईनं उठले. पण हातात बशा होत्या, त्या वाजल्या, आणि बुवांनी मान डोलावली.

खोली राहिली. दर सहा महिन्यांनी फेरतपासणी होईल, असं निकालपत्रात छापलं होतं. खाली वकिलांनी पेनानं लिहिलं होतं: बशांची गरज नाही, लेस्टरहून झांजा मागवल्या आहेत.