पानाबाहेरची स्थळं

"पानाबाहेरचं छापत न्हाय!"

चनमल्लप्पा पेंटर हे वाक्य अशा थाटात म्हणायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, कंप्युटरचा शोध ह्यानंच बाळीवेशीतल्या दुकानात बसून लावला! समोर बोर्डाचं डिझाईन करायचं सॉफ्टवेअर, कोरल, उघडलेलं, मधोमध एक पांढरं पान, आणि पानाच्या चहूबाजूंनी हा पसारा. तऱ्हेतऱ्हेचे गणपती, मेलेल्यांच्या फोटोचे हार, जिवंतांच्या गळ्यातले हार, कुणाच्या तरी चेहऱ्यावरून काढून ठेवलेली एक मिशी. बायको दानम्मा चहा घेऊन आली की तिच्या कपाळाला आठी पडायची.

"अवो, झाडून काढा की जरा. आमच्या माळ्यावर बी एवढा पसारा नसतोय."

"राहू दे. लागतंय कधी. पानाबाहेरचं छापत न्हाय."

ही खोड ब्रशच्या काळातली. तेव्हा सोलापुरात मिलचा भोंगा वाजायचा, आणि पाटी रंगवून घ्यायची तर दुकानदार पेंटरच्या दारात येऊन बसायचे. पत्र्यावर खडू लावलेली दोरी ताणायची, मधोमध टिचकी मारायची, की सरळ रेघ! त्या रेघेवर अक्षर चढायचं. चनमल्लप्पाचा 'श्री' असा वळायचा की लोक सायकलवरून उतरून बघत. आणि ब्रश पुसायला? समोरची भिंत! लाल, निळा, पिवळा, फटकाऱ्यावर फटकारा चढत भिंत पाटीपेक्षा देखणी झाली होती. कुणी तक्रार केली नाही. लोक पाटी वाचतात, भिंत कोण वाचतंय?

मग फ्लेक्स आलं. ज्याला घरात भाजीला काय करू म्हणून कुणी विचारत नाही, तो चौकात वीस फुटी उभा राहून आभाळाकडे बोट दाखवायला लागला. मिशीची पहिली लव फुटलेली पोरं 'आधारस्तंभ' झाली. गावाचं तोंड ह्या लोकांनी रंगीत प्लास्टिकनं झाकून टाकलं, आणि ज्यांच्या हातात अक्षर होतं त्यांना घरी बसवलं. चनमल्लप्पा बसला नाही. त्यानं ब्रश डब्यात उभा केला आणि माऊस धरला. शिकवायला कुणी नव्हतं. चुकत चुकत स्वतःच शिकला. म्हणजे चुकायला तर पूर्णच शिकला!

तर त्याच्या मुलीचं लग्न ठरलं. प्रियदर्शनी कुर्डुवाडीला रेल्वेत नोकरीला, नवरा मुलगा शिवू अक्कलकोटचा, शाळेत गणित शिकवणारा. चनमल्लप्पानं त्याच दिवशी जाहीर केलं, "स्टेजमागचा बोर्ड मी करणार! माझ्या पोरीचं नाव दुसऱ्याच्या हातनं लिवून घेऊ व्हय?"

"करा की," दानम्मा म्हणाली. "फकस्त ह्या टायमाला 'प्पा' आत बसवा."

हा 'प्पा' म्हणजे त्याच्या संसाराचं जुनं गळू. स्वतःच्या लग्नात मांडवातलं कापड त्यानंच रंगवलं होतं. 'चि. सौ. कां. दानम्मा' एवढं ऐसपैस, वेलबुट्टी काढून लिहिलं, की स्वतःच्या नावाला जागाच उरली नाही! कापडावर 'चनमल्ल' मावलं आणि 'प्पा' त्यानं शेजारच्या बांबूवर काढला. वाऱ्यानं कापड हललं की नवरदेवाचे दोन तुकडे व्हायचे. दानम्माच्या माहेरी अजून विचारतात, "चनमल्ल आलाय, का प्पा बी आलाय?"

आता बोर्डाकडं जायच्या आधी एक गोष्ट सांगायलाच पाहिजे.

प्रियदर्शनीला बघायला पुष्कळ स्थळं आली. बघायला येणं म्हणजे काय असतं ते ज्यांच्या घरात पोरगी आहे त्यांना ठाऊक आहे. फुकटचे पोहे खायचे, पोरीला चालून दाखव म्हणायचं, वाचून दाखव म्हणायचं, आणि बाहेर पडल्यावर चपला घालता घालता तिच्या नाकाचा भाव करायचा. बैलाच्या बाजारातसुद्धा माणूस जरा अदबीनं बोलतो! दोन-तीनदा असं झालं आणि दानम्माचं टाळकं सरकलं.

"अवो, ते घरी जाऊन आपल्या पोरीबद्दल बोलतेत न्हवं? मग आपुन का न्हाय? त्या पोराचा फोटो घाला हितं, पोरीशेजारी. आनि मी सांगते ते खाली लिवा."

तेव्हापासून रिवाजच पडला. पाहुणे गेले की नवराबायको दुकानात. मुलाचा फोटो पानात, प्रियदर्शनीच्या शेजारी. दानम्मा कमरेवर हात ठेवून बघायची आणि शेरा सांगायची, चनमल्लप्पा मुलाच्या नावासकट टाईप करायचा. मग स्थळ उचलून पानाबाहेर! पुसून टाकणं त्याच्या जिवावर यायचं. "घरी जेवून गेलेला मानूस हाय," म्हणायचा, "डिलीट कसं करायचं?" आणि पेंटरचा हात! नाकारलेली माणसंसुद्धा त्यानं पानाच्या डाव्या-उजव्या बाजूला सारख्या अंतरावर, ओळीत उभी केली होती.

स्थळांसाठीच ठेवलेल्या त्या फाईलमध्ये त्यानं बोर्ड केला, पोरीचा फोटो तिथं तयारच होता. मधोमध प्रियदर्शनी आणि शिवू, वर नंदी, खाली झेंडूची तोरणं. नाव? खडूच्या दोरीवर बसवल्यासारखं! घरच्या छोट्या प्रिंटरवर नमुना काढला. झकास! पानातलं सगळं आलं, पानाबाहेरचं टिंबही नाही.

"बघ. मी म्हणलं न्हवतं?"

फाईल घेऊन तो एमआयडीसीतल्या गुंडा फ्लेक्सवाल्याकडे गेला. गुंडाकडे फ्लेक्सचं मोठं मशीन. गुंडा म्हणाला, "अण्णा, तुमची फाईल माझ्यात उघडंना झालीया. नवं व्हर्जन दिसतंय. फोटो करून द्या की, जेपीजी."

असं पहिल्यांदाच होत होतं. चनमल्लप्पानं घरी येऊन फाईलचा फोटो केला, पेनड्राईव्ह पाठवून दिला आणि आचाऱ्याकडे वळला. आता मेख अशी, की छापताना कोरल पान बघतं, पण फोटो करून देताना पान-बिन बघत नाही! टेबलावर जे पडलंय ते सगळं गोळा करतं. नको असेल तर हवं तेवढंच निवडून, 'फक्त निवडलेलं' ह्या चौकटीत टिक मारावी लागते. ती टिक चनमल्लप्पानं जन्मात मारली नव्हती.

गुंडानं फोटो उघडला. मधे नवरानवरी, दोन्हीकडे ओळीनं पुरुषांचे फोटो. त्याला यत्किंचितही नवल वाटलं नाही. सोलापुरात कुठल्या बोर्डाला कडेनं माणसं नसतात? तरी भला माणूस, फोन केला.

"अण्णा, कडंला जी मानसं हायती, ती ठिवायची न्हवं?"

चनमल्लप्पा तेव्हा मंगल कार्यालयात बोर्ड चढवायला कोण कोण लागेल त्याच्याच विचारात. "म्हंजे? ठिवायचीच की! दोन्ही कडंला पायजेत. मानसाशिवाय उभं ऱ्हाईल का ते?"

"व्हय व्हय. मग वर 'शुभेच्छुक' टाकू का? ऱ्हायलंय."

"टाक, टाक!" मागं आचारी तेलाच्या डब्यावरून बोंबलत होता. "काय टाकायचं ते टाक!"

गुंडानं टाकलं. खालचे शेरे त्यानं वाचले नाहीत. छापणारे वाचायला लागले तर ह्या गावातले निम्मे बोर्ड छापलेच जाणार नाहीत.

लग्नाच्या दिवशी अक्षतांच्या आधी बोर्ड आला, गुंडाळलेला. चनमल्लप्पा नव्या धोतरात, दानम्मा हिरव्या इरकलीत. माईकवर शिवूचा आतेभाऊ राजशेखर. हा राजशेखर स्वतः एकेकाळी प्रियदर्शनीला बघून गेला होता आणि 'मीच नको म्हणलं' असं सगळ्या पाहुण्यांत सांगून बसला होता.

गड्यांनी दोर ओढला. बोर्ड सरसर उलगडला. टाळ्या!

चनमल्लप्पानं वर बघितलं, आणि दोर धरलेल्या गड्यांना तो हातानंच 'गुंडाळा, गुंडाळा' करायला लागला.

राजशेखरला मात्र माईक हातात असला की समोर दिसेल ते वाचायची सवय. "आणि ह्या मंगल प्रसंगी आपले शुभेच्छुक! श्रीयुत महिपती... 'चहा बशीत वततो. आवाज कुर्डुवाडीपर्यंत!'"

मांडवात खसखस पिकली. लोकांना वाटलं, नवा प्रकार आहे!

"श्रीयुत दिग्विजय... 'पगार बरा. आई तोंड उघडू देत न्हाय.' श्रीयुत जोतीराम... 'पोरीला चालून दाखव म्हणला. आधी सोता ढेरी सांभाळून चालावं.' श्रीयुत राजशेखर..."

राजशेखर थांबायला हवा होता. पण जीभ एकदा उताराला लागलेली.

"'...बोलतो लई. हातात माईक दिला तर परत देनार न्हाय. नको.'"

माईकनं शिट्टी मारली. मांडव असा हसला की आतल्या कढईतल्या भज्यांनीही उलटी उडी मारली असेल. कुणीतरी ओरडलं, "अरं राजशेखर, तूच नको म्हणला होतास की!" राजशेखरनं आयुष्यात पहिल्यांदा माईक आपणहून खाली ठेवला.

इथवर ठीक होतं. पण उजव्या ओळीत सगळ्यात खाली एक चेहरा होता, आणि तो पहिल्या रांगेतल्या महेश्वरीबाईंना दिसला. महेश्वरीबाई म्हणजे शिवूची आई. तो चेहरा त्यांनी जन्माला घातलेला होता! मधोमध हार घातलेला शिवू, आणि कोपऱ्यात पुन्हा शिवू, खाली शेरा: 'कान मोठे. नको.'

महेश्वरीबाई उठल्या. हसू बसलं.

"थांबवा ते! अक्षता थांबवा! माझ्या लेकाच्या कानाला नाव ठिवलं? भर मांडवात? कुनी लिवलंय हे?"

सनई गप्प झाली. बाशिंग बांधलेली प्रियदर्शनी पाटावर उभी. चनमल्लप्पाला वाटलं, आपण आयुष्यभर दुसऱ्यांची नावं चढवली आणि स्वतःच्या पोरीचं चढवायला गेलो ते तिचं लग्नच खाली उतरवलं.

"मी लिवलं, विहीनबाई," तो म्हणाला.

"हे काय लिवतेत!" दानम्मा पुढं आली. "हे फकस्त टायपिंग. बोलले मी."

"मग लग्नाला कशाला उभ्या ऱ्हायला, कान मोठे हायत तर?"

दानम्मा काही बोलायच्या आत पाटावरून आवाज आला.

"आत्याबाई," प्रियदर्शनी म्हणाली, "तुमी पयल्यांदा आला तवा मला अंबाडा सोडून दाखव म्हणला होता. केस खरे हायत का बघायला. मी दावले. तुमी वढून बी बघितले. मग आमच्या अव्वानं, माझ्या आईनं, नुसते कान बघितले तर काय झालं? वढले तर न्हाईत!"

बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. त्या मांडवातल्या एकूण एक बाईचे केस कुणीतरी कधीतरी ओढून बघितले होते.

पहिला हसला शिवू. बाशिंगाच्या बाजूनं दोन्ही कान चाचपत म्हणाला, "आई, मोठे हायत गं. खोटं काय लिवलंय?"

"तुझ्या बापाचे हायत ते!" महेश्वरीबाई फणकारल्या, आणि शेजारी बसलेल्या नवऱ्यानं दोन्ही हात हळूच कानांवर नेले. तिथं मांडव फुटला! महेश्वरीबाईंनाही हसू आवरेना. पदर तोंडाला लावून त्या तशाच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "पर दानम्मा, 'नको' म्हणून परत 'हो' कसं म्हणलं, ते सांगा."

"त्यो दुसऱ्यांदा एकटाच आला की," दानम्मा म्हणाली. "पोरीला म्हणला, तुला काय इचारायचं असंल तर इचार. तवर कुनी आसं म्हणलं न्हवतं. तवा मी ह्यांना म्हणलं, हाय त्या कानासकट पानात घ्या त्याला."

अक्षता पडल्या. पण त्याआधी गड्यांनी बोर्डाच्या दोन्ही कडा मागं दुमडून शुभेच्छुकांना आत घेतलं. घाईत घडी जरा आत गेली आणि मधल्या शिवूचा उजवा कान घडीत गेला. महेश्वरीबाईंनी मान वाकडी करून बघितलं.

"आता बराबर झालं," त्या म्हणाल्या.

लग्नाच्या एकूण एक फोटोत नवरदेवाच्या मागं तो एककानी नवरदेव उभा आहे.

चार दिवसांनी, दुपारची वेळ. पोरगी गेलेलं घर. समोरच्या भिंतीवर कुणा आधारस्तंभाचा फ्लेक्स ठोकलेला. कडेनं जुन्या फटकाऱ्यांचा एक निळा तुकडा तेवढा बाहेर राहिला होता. चनमल्लप्पा त्याकडं बघत बसला. मग त्यानं फाईल उघडली. म्हणाला, "पुसतो समदी."

"थांबा," दानम्मा म्हणाली. "तुमचा फोटो घाला आधी."

त्यानं त्यांच्या लग्नाचा जुना फोटो आत घेतला. काळा-पांढरा, कोपरा उंदरानं खाल्लेला. दोघं उभी, मागं कापड, कापडावर 'दानम्मा' ऐसपैस, आणि 'चनमल्ल'. बांबू फोटोत आलाच नव्हता.

"आता लिवा शेरा." दानम्मा कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिली. मिलमधून सुटलेल्या माणसांच्या सायकलींची गर्दी जाऊन रस्ता शांत व्हायचा तसा तिचा चेहरा झाला होता. "लिवा. 'नाव मावत न्हाय.'"

त्यानं टाईप केलं. मान खाली.

"फुडं लिवा की. 'पर चालंल.'"

इतक्या वर्षांत त्या बाईनं दिलेलं पहिलं सर्टिफिकेट! हे छापलंच पाहिजे, फ्रेम करून गल्ल्यावर लावलंच पाहिजे. त्यानं छोट्या प्रिंटरवर लगेच प्रिंट सोडली. कागद करकरत बाहेर आला. फोटो आला, कापड आलं, 'चनमल्ल' आलं.

शेरा आला नाही.

दानम्मानं कागद हातात घेऊन उलटासुलटा बघितला.

"कुटं गेला ओ, मी दिलेला?"

चनमल्लप्पानं स्क्रीनकडं बघितलं. फोटोनं सगळं पान भरलेलं, आणि शेरा त्याच्या खाली, पानाबाहेर. त्याचं ते नेहमीचं वाक्य आता त्याला म्हणवतच नव्हतं.